घरचं गिऱ्हाईक

बाबा जिन्याच्या पायरीवर बसले होते. मांडीवर ऑफिसची बॅग, बॅगेवर भाजीची पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. मी सामान ओढत वर आले तेव्हा त्यांनी आधी पिशवी सावरली, मग मला पाहून हसल्यासारखं केलं.

"आत का नाही जात?" मी विचारलं.

"ती म्हणते, घरात पुरुष माणूस नाही, नंतर या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बरं."

हसावं की रडावं ते मला कळेना. मी बेल वाजवली. आतून आईचा आवाज आला, "कोण आहे?" मी म्हटलं, "मी गं, आई." कडी निघाली, दार जेमतेम फटीएवढं उघडलं, माझा हात धरून तिनं मला आत ओढलं आणि दार पुन्हा लावून घेतलं. सामान बाहेर राहिलं, बाबाही बाहेर राहिले.

"तो माणूस बसलाय का अजून?" तिनं कानाशी येऊन विचारलं.

"कोण माणूस?"

"ह्यांच्यासारखा दिसतो तो. अगदी हुबेहूब. चष्मासुद्धा तसलाच मिळवलाय. रोज ह्यांच्याच वेळेला येतो. आज तर भाजी घेऊन आलाय, म्हणजे बघ."

हे सगळं तिनं इतक्या शहाण्यासारखं सांगितलं की क्षणभर मीच दाराकडे संशयानं पाहिलं. तिचे केस नीट विंचरलेले होते. ओटा पुसलेला होता. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या कपाटात कडेला कड लावून रचलेल्या होत्या. वेड्या बाईचं घर कसं असतं याची मी प्रवासभर जी चित्रं रंगवली होती, त्यातलं काहीच तिथं नव्हतं.

फोनवर बाबा गेले कित्येक महिने एवढंच सांगत होते की तिचं विसरणं जरा वाढलंय. वाईट बातमी धुऊन, वाळवून, घडी घालून सांगायची त्यांची जुनी सवय. शेवटी शेजारच्या काकूंनी फोन केला. तुझे वडील रोज संध्याकाळी जिन्यात बसलेले असतात, बरं दिसत नाही, म्हणाल्या. आईला काही दिवस माझ्याकडे घेऊन जायचं असं ठरवूनच मी निघाले होते.

"आई, ते माझ्याबरोबर आलेत," मी म्हटलं. "येऊ दे त्यांना आत."

"तुझ्या ओळखीचे आहेत?"

"हो. चांगल्या ओळखीचे."

"मग येऊ देत. पण बाहेरच्याच खोलीत हं. स्वयंपाकघरात नको."

अशा रीतीनं माझे वडील माझ्या ओळखीवर त्यांच्या स्वतःच्या घरात आले. दाराशी चपला काढताना त्या त्यांनी पाहुण्यासारख्या कडेला ठेवल्या. ते मला पाहवलं नाही.

बाबा एका वकिलांच्या ऑफिसात कारकून आहेत. त्या ऑफिसात खून-मारामाऱ्या नाहीत, घटस्फोट नाहीत, जमिनीचे तंटे नाहीत. तिथं फक्त ट्रेडमार्कची कामं चालतात. कोणाला आपल्या मालासाठी एखादं नाव किंवा चित्र नोंदवायचं असलं की तसं दिसणारं, तसं ऐकू येणारं आधीच कोणाचं आहे का, ते शोधायचं. ऑफिसात त्यांना 'चाळणी' म्हणत. माल कुठलाही असो, साबण असो, कुलूप असो, छत्री असो, आधी चाळणीतून जायचा. शाळेत मला कोणी विचारलं, वडील काय करतात, तर मी सांगायचे, "सारखं दिसतं का ते बघतात." सगळा वर्ग हसायचा.

ट्रेडमार्क या शब्दावर बाबांचा भारी जीव. लोक तो कसाही वापरतात म्हणून त्यांना राग यायचा. लोकांना वाटतं, ट्रेडमार्क आहे म्हणजे माल चांगला. ते म्हणायचे, "अजिबात नाही. मालाचा गुण सांगणं हे त्याचं कामच नव्हे. माल कोणाच्या घरून आला एवढंच तो सांगतो. साबण अंगाची साल काढणारा असला तरी चालेल, पण ज्याचं नाव आहे त्याचाच पाहिजे." पेपरात कुठल्या नटाचं 'ट्रेडमार्क हास्य' असं काही छापून आलं की हातातला चहा खाली ठेवून ते सुरू व्हायचे. हा काय हसण्याचा माल विकतो? लकब म्हणा, ढब म्हणा, शब्दांचा काय दुष्काळ पडलाय? मग आई आतून म्हणायची, "सुरू झालं तुमचं ट्रेडमार्क भाषण." यावर बाबा पुन्हा चहा उचलायचे.

पण त्यांच्या धंद्यातली खरी मेख वेगळीच आहे. दोन चिन्हं सारखी आहेत की नाहीत, हे वकिलानं आपल्या डोळ्यांनी ठरवायचं नसतं. साधं गिऱ्हाईक फसेल का, हे बघायचं असतं. हे गिऱ्हाईक फार हुशार नाही, अगदी बावळटही नाही. ते दमलेलं आहे, घरी जायच्या घाईत आहे, आणि मागच्या महिन्यात घेतलेल्या डब्यावर काय होतं ते त्याला अर्धंमुर्धं आठवतंय. जुना डबा त्याच्या हातात नसतो. म्हणून दोन लेबलं शेजारी शेजारी ठेवून बघायची नाहीत, असा बाबांच्या कामाचा पहिला नियम. शेजारी ठेवल्यावर कोणालाही फरक दिसतो, म्हणायचे. एक दाखवायचं, काढून घ्यायचं. माणसाला त्याच्या कामाला लागू द्यायचं. मग केव्हातरी दुसरं दाखवायचं आणि विचारायचं. तेही एकदाच. पुन्हा विचारलं की समोरचा, तुम्हाला काय ऐकायचंय, त्याचा विचार करायला लागतो.

असं गिऱ्हाईक वकीलसाहेबांच्या ऑफिसात कुठून मिळणार? बाबांच्या घरी होतं.

लग्न झाल्यापासून आई हे काम करत आली. सकाळी तिचे हात पिठात असताना बाबा तिच्या नाकासमोर एक लेबल धरायचे, लगेच खिशात घालायचे आणि ऑफिसला जायचे. संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत असली की दुसरं पुढे करायचे. "हेच का ते?" एकदा काड्यापेटीवरचे दोन कोंबडे होते. आईनं मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "नाही, कोंबडा वेगळा आहे. सकाळचा आरवत होता, हा नुसताच उभा आहे." बाबा दम धरून उभे. मग आई म्हणाली, "पण घाईत असते तर फसले असते."

बाबा हरखून गेले. हे एक वाक्य म्हणायला वकिलांना पानंच्या पानं लागतात, असं ते कितीतरी दिवस येईल त्याला सांगत होते.

वकीलसाहेब माणूस चांगला, कायद्याचा पक्का. पण एकदा एक बडा अशील आला होता, त्याला हवं होतं नेमकं उलटं मत. साहेबांनी बाबांना आडून आडून सुचवलं, पुन्हा एकदा बघा. बाबा म्हणाले, "घरून 'फसले असते' असं आलंय. आता काही होणार नाही." साहेब चिडले. तुमच्या घरचं हे गिऱ्हाईक मला एक दिवस देशोधडीला लावणार, म्हणाले. पण मत गेलं ते आईचंच गेलं. तिचा निकाल बाबांनी कधी फिरवला नाही. घरातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर त्यांचे वाद व्हायचे, पंखा किती जोरात लावायचा इथपासून. पण या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

जेवताना ते तिला नकली मालाच्या गमती सांगायचे. नकली मालावरची छपाई बहुधा असलीपेक्षा स्वच्छ असते. असली माल करणारा निर्धास्त असतो, त्याला कोणाला काही पटवून द्यायचं नसतं. जास्त पटवायला लागला की समजावं, पाणी मुरतंय. आई ऐकायची, हसायची, अजून वाढू का विचारायची. तिनं त्यातला शब्द न् शब्द मनात ठेवला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

दुखण्याची पहिली कुणकुणही या लेबलांतूनच लागली. ती सगळ्यालाच 'हेच ते' म्हणायला लागली. सकाळी जहाज दाखवलं, संध्याकाळी छत्री दाखवली, तरी "हेच ते." बाबांना वाटलं, कंटाळली असेल, थट्टा करत असेल. त्यांनी लेबलं आणणं बंद केलं. मग उलटं सुरू झालं. सारखं असं काही उरलंच नाही. नळ कोणीतरी बदलून गेलंय. भिंतीवरचा माझा फोटो दुसऱ्याच कुठल्या मुलीचा आहे. उशी तीच दिसते, पण ती नव्हे. आणि एका संध्याकाळी तिनं दार उघडलं, बाबांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई शांत होत्या. आईला नर्सपाशी बसवून त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. चेहरा त्यांना ओळखू येतोय. पण चेहरा बघितल्यावर आतून जो आपलेपणा जागा व्हायला हवा, तो होत नाही. मग मन स्वतःचं समाधान करतं की दिसतोय तर तोच, पण तो वाटत नाही, तेव्हा ही नक्कल असणार. वाद घालू नका, पुरावे देत बसू नका, त्यानं भीती वाढते. थोडे दिवस लांब राहून बघा.

बाबांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. मग एकच विचारलं, "म्हणजे, ज्याच्यावर जास्त जीव, त्याच्याच बाबतीत होतं असं?"

"बहुतेक वेळा," बाई म्हणाल्या.

एवढ्यानं त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

घरी आल्यावर आईनं 'माझ्या ओळखीच्या माणसा'साठी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांची चादर काढून दिली. ती आत गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "मी तिला घेऊन जाते. माझ्याकडे शांत राहील ती. तुम्ही येत जा मधून मधून."

"कोण म्हणून येऊ?" बाबांनी विचारलं.

मी चादरीची घडी उलगडायला लागले.

"उद्या सुट्टी आहे मला," ते म्हणाले. "एकदा विचारतो तिला. एकदाच."

"डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंत ना?"

"त्यांनी त्यांचं सांगितलं. ही माझ्या धंद्यातली गोष्ट आहे."

"आणि नाही पटलं तिला तर?"

"तर तू ने."

त्यांच्या आवाजात काही कंप वगैरे नव्हता. मीही हट्ट धरला नाही. खरं सांगायचं तर मलाही आशा होती. आयुष्यभर खरं-खोटं निवडणारा माणूस, त्याला स्वतःला खरं ठरवणं इतकं कसं जड जाईल, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अगदी गुळगुळीत दाढी केली. कपाटातून काळा कोट काढून घातला. भिंतीवरून त्यांच्या लग्नानंतरचा फोटो उतरवला, तो स्टुडिओतला, मागे रंगवलेलं कारंजं असलेला. काच पुसली. खिडकीजवळ उजेड चांगला होता, तिथं खुर्ची ओढून ते बसले आणि तो फोटो त्यांनी गालाशी धरला.

मी म्हटलं, "बाबा, शेजारी ठेवायचं नसतं. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"माहीत आहे गं," ते म्हणाले. "आता दम निघत नाही."

मी आईला बोलावलं. तिनं समोरचं दृश्य पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. कित्येक दिवसांनी कोणीतरी तिच्या हाताला तिचं काम दिलं होतं. चष्मा पदराला पुसून तिनं डोळ्यांवर चढवला, समोर बसली, मान तिरकी केली.

"फोटो जरा खाली घ्या," ती म्हणाली. "हं. आता कान दाखवा. इकडचा."

बाबांनी कान दाखवला.

"कान बरोबर आहे. कपाळ मोठं झालंय, पण ते वयानं होतं. उठून उभे राहा. चाला बघू दारापर्यंत."

काळा कोट घातलेले माझे वडील दारापर्यंत चालत गेले आणि परत आले. आई गंभीरपणे बघत होती. मला वाटलं होतं ती घाबरेल, ओरडेल. तसलं काहीच झालं नाही. दोघांचाही डाव जमून आल्यासारखा झाला होता.

"आमची पहिली खोली कशी होती?" तिनं विचारलं.

"दार बाहेरच्या बाजूला उघडायचं," बाबा म्हणाले. "जिन्यात कोणी उभं असलं की त्याला लागायचं. तुझ्या बहिणीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि तू—"

"एकेरीवर येऊ नका," आई म्हणाली.

बाबा थांबले. "तुमच्या बहिणीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं," ते म्हणाले. "आणि तुम्ही दारावर 'जपून' अशी चिठ्ठी लावली होती. आतल्या बाजूनं."

आईला हसू आलं. "आतल्या बाजूनंच लावली होती खरी. बरं, ही झाली तेव्हा?" तिनं माझ्याकडे हात केला. "मी दवाखान्यात होते. हे धावत आले, तेव्हा काय गंमत झाली होती?"

ही गोष्ट मला पाठ होती. आमच्या घरात ती इतक्यांदा सांगितली गेली होती की आईनं ती सुरू करताच बाबा खोलीतून उठून जायचे.

"चपला," बाबा चटकन म्हणाले. "घाईत दोन पायांत दोन घातल्या होत्या. एक माझी आणि एक शेजारणीची. बायकी होती ती. नर्सबाई हसल्या होत्या."

"बरोबर," आई म्हणाली. "अगदी बरोबर."

मला वाटलं, जिंकलो. बाबांनीही तसंच मानलं असावं, कारण फोटो त्यांनी मांडीवर ठेवला आणि पाठ टेकली. आईनं चष्मा काढला, मिटला.

"माहिती चोख आहे तुमची," ती म्हणाली. "पण एक सांगू का भाऊ? चपलांची गोष्ट आमचे हे कधीच कबूल करत नाहीत. आजतागायत नाही केली. मी मनानं रचून सांगते म्हणतात. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा म्हटलं तरी तेच. आणि तुम्ही विचारल्याबरोबर सांगून मोकळे झालात."

बाबांचा हात फोटोच्या चौकटीवर गेला.

"आणि सुट्टीच्या दिवशी हे दाढी करत नाहीत. एवढा कोट तर नाहीच घालणार. बनियनवर बसलेले असतात. तुम्ही फार नीटनेटके आलात. मला पटवायला आलात ना, तिथंच कळतं. ह्यांना कशाला मला पटवायला लागेल?"

मला वाटत होतं, बाबांनी आता फोटो आपटावा, ओरडावं, तिचे खांदे धरून गदागदा हलवावं. मीच ते करणार होते बहुतेक. पण बाबांनी ऑफिसात विचारावं तशा आवाजात विचारलं, "मग निकाल काय तुमचा?"

आईनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, भीती नव्हती. होती ती दया होती, आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी नवऱ्याला दाखवावी तशी होती.

"वेगळं आहे," ती म्हणाली. "पण काम सुरेख केलंय हं. वाईट वाटून घेऊ नका. घाईत असते तर मी फसले असते."

"बरं," बाबा म्हणाले.

त्यांनी उठून फोटो भिंतीवर लावला, थोडा कललेला होता तो सरळ केला, कोट काढून खुंटीला अडकवला. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर आले तेव्हा बाबा खिडकीत उभे होते.

"उद्या पुन्हा एकदा बघू या ना," मी म्हटलं. "सकाळी बरी असते ती. कोट नको, काही नको, नुसतं सहज—"

"नाही," ते म्हणाले. "एकदाच विचारायचं असतं."

"बाबा, हे काय लेबल आहे का?"

"ती खोटं बोलत नाही गं," ते म्हणाले. "तिला जे दिसतं ते सांगते. मी तिचा निकाल आता फिरवायला लागलो, तर इतकी वर्षं तिला कशाला विचारत होतो?" आणि थोड्या वेळानं म्हणाले, "बॅग कोणती नेणार? मोठीची चेन खराब आहे."

मला त्यांचा राग आला. इतका समजूतदारपणा मला नको होता. एखादा माणूस निदान भांडतो तरी. पण ते बॅग काढून चेनला मेणबत्ती घासत बसले, आणि मी त्यांच्याशेजारी बसून आईचे कपडे भरत राहिले.

निघायच्या दिवशी आईनं पहाटेपासून ओट्याचा ताबा घेतला. तिला थांबवायला गेले तर म्हणाली, हे संध्याकाळी दमून येतील, घरात काही नसलं तर तसेच उपाशी निजतील, त्यांना स्वतःचं स्वतः घ्यायचं माहीत नाही. तिनं डोळे मिटून करावं तसा सगळा स्वयंपाक केला. मीठ चुकलं नाही, काही करपलं नाही. ताट वाढलं, वर झाकण ठेवलं. माझं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. गाडी खाली येऊन उभी होती.

बाबांनी बॅग दारापर्यंत आणली. आई चपला घालून उंबऱ्याशी थांबली आणि त्यांच्याकडे वळली.

"भाऊ, एक काम कराल माझं?"

"सांगा ना."

"हे आले की त्यांना सांगा, मी मुलीकडे गेलेय म्हणून. रागावून नाही गेले म्हणावं. त्यांना उगाच तसं वाटतं."

"सांगतो," बाबा म्हणाले. "रागावून नाही गेल्या म्हणून सांगतो."

"आणि ते ताट झाकून ठेवलंय ओट्यावर. ते त्यांचं आहे हं. तुम्ही तुमचं काहीतरी बघा. परक्याला असं तोंडावर सांगू नये, पण त्यांच्यापुरतंच केलंय."

"मी हात लावणार नाही."

"नक्की?"

"शब्द देतो," बाबा म्हणाले.

तिचं समाधान झालं. जिना उतरताना तिनं माझा दंड धरला होता. दुसऱ्या जिन्यावर आल्यावर ती हळूच म्हणाली, "माणूस वाईट नाही गं. कोणाची तरी नक्कल करून दिवस काढायची वेळ आली असेल बिचाऱ्यावर." वर वळून बघायचा मला धीर झाला नाही.

प्रवासात ती शांत होती. खिडकीतून बघत होती, झोपत होती. माझ्या घरी पोचल्यावर तिनं चहा घेतला, पडद्याचं कौतुक केलं, आरामात पाय पसरून बसली. इतकी मोकळी ती त्या घरात एकदाही दिसली नव्हती. डॉक्टरीणबाईंचं खरं झालं होतं, आणि ते बाबांना कसं सांगायचं हे मला समजत नव्हतं.

संध्याकाळी मी फोन लावला. बाबांनी लगेच उचलला.

"पोचलो," मी म्हटलं. "ठीक आहे ती."

"जेवली का?"

"हो. तुम्ही जेवलात?"

"खाल्लं बाहेर काहीतरी."

"बाहेर कशाला? आईनं केलंय ना सगळं?"

"ते तसंच आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, खराब होईल ते."

"हो. होईल. पण मी शब्द दिलाय गं तिला."

एवढ्यात आई उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली. "त्या भाऊंचा फोन आहे का?" तिनं विचारलं. "विचार ना त्यांना, हे आले का घरी."

मी फोनवर हात ठेवायच्या आत बाबांनी ते ऐकलं होतं.

"सांग तिला, अजून नाही आले," ते म्हणाले. "आले की त्यांना वाढतो म्हणावं."

पलीकडे ताटावरचं झाकण नीट सरकवल्याचा आवाज आला.